आईची झोप कुणी मोजली?

(धारणी येथे गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सकाळी ओळख करून घेताना मी प्रत्येकीला नाव-गाव विचारलं आणि जोडीला आणखी एक प्रश्न विचारला, काल रात्री तुम्ही किती झोपलात? बहुतेकजणी हसल्या. शिबिराच्या पहिल्या दिवशी असला काय प्रश्न, असं तुम्हांला वाटलं असणार. पण ज्या चौघींच्या मांडीवर लेकरं आहेत, त्या हसल्या नाहीत. त्यांतली एक म्हणाली, "ताई, काल म्हणजे कोणती काल?" तिच्या लेखी रात्र आणि दिवस यांतला सांधाच निखळला आहे.

आज मला याच विषयावर बोलायचं आहे. बाळाची झोप, आणि तिच्याशी बांधलेली आईची झोप. एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं मला आधीच विचारलं होतं की जमिनीचे पट्टे, दारू, मारहाण, रेशन इतके प्रश्न समोर असताना झोप हा काय चळवळीचा विषय झाला? मलाही सुरुवातीला तसंच वाटत होतं. माझी एक चूक झाली आणि मग माझं मत बदललं. ती चूकच आधी सांगते.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन या भागात कामाला आले, तेव्हा घरभेटीचा एक तक्ता माझ्याकडे असे. बाळाचं वजन, लसीकरण, स्तनपान, आईच्या लोहाच्या गोळ्या. एका पाड्यावर वीस-एकवीस वर्षांची कोरकू बाळंतीण होती. तिचं दुसरं बाळंतपण, बाळ दीड महिन्याचं. सासू म्हणाली, लेकरू रातभर रडते, कोणाले झोपू देत नाई. मी तक्ता भरला, दर दोन-तीन तासांनी पाजा, अंगावरचंच दूध द्या, असं व्यवस्थित समजावलं आणि निघाले. बाई मान डोलवत होती. आठ दिवसांनी आमच्या आशाताईंबरोबर पुन्हा गेले, तर ती झोळीपासून लांब, दाराच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसली होती. आशाताई तिच्याशी कोरकूत हळूहळू बोलल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, ही म्हणते की झोळी तिथंच सोडून द्यावी न् जंगलात चालत सुटावं असं तिला रोज पहाटे वाटते. अन् असं वाटते म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटून राह्यली."

मी तिला आधी भेटले होते. तिचं वजन, तिचं दूध, तिच्या गोळ्या, सगळं विचारलं होतं. ती झोपते का, हे विचारलं नव्हतं. तक्त्यात तो रकानाच नव्हता. आणि मीही तो स्वतःहून काढला नव्हता.

आता थोडी शास्त्राची माहिती घेऊ. बाईवर येणारे निम्मे आरोप या माहितीच्या अभावातून येतात.

नुकतं जन्मलेलं बाळ चोवीस तासांत साधारण चौदा ते सतरा तास झोपतं. मग आई का जागी राहते? कारण ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. बाळाचं पोट लहान, अंगावरचं दूध लवकर पचतं, त्यामुळे दोन-तीन तासांनी ते भुकेनं उठतंच. रात्र कोणती आणि दिवस कोणता हे कळण्याचं शरीरातलं घड्याळ जन्मतः तयार नसतं, ते दोन-तीन महिन्यांनी हळूहळू बसू लागतं. रडण्याचंही तसंच आहे. पहिल्या काही आठवड्यांत रडणं वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास ते सगळ्यांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप उतरतं. हे श्रीमंताच्या घरात होतं तसंच झोपडीतही होतं. बाळ कमी वजनाचं असेल, म्हणजे अडीच किलोच्या आत, तर त्याला आणखी थोडंथोडं आणि आणखी वारंवार पाजावं लागतं. आपल्या भागात अशी बाळं पुष्कळ. म्हणजे ज्या बाईचं अंग रक्तक्षयानं आधीच थकलेलं, तिच्याच वाट्याला जास्त जागरण.

पण घरात काय म्हटलं जातं? हिचं दूध पातळ आहे. हिनं काहीतरी वातूळ खाल्लं. ही बाहेर गेली, नजर घेऊन आली. हिला लेकरू सांभाळता येत नाही. बाळाच्या प्रत्येक रडण्याचा जाब आईला द्यावा लागतो. नवरा आणि सासरा "झोपमोड होते" म्हणून बाहेर खाट टाकतात. त्यांना सकाळी कामावर जायचं असतं ना! आणि तिला? तिला त्यांच्या आधी उठून पाणी आणायचं असतं, भाकरी करायची असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात गेली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. हा सगळ्या देशाचा सरासरी हिशोब आहे. हंडा घेऊन टेकडी चढणाऱ्या बाईचा वेगळा मांडला तर काय दिसेल, याची कल्पना तुम्हीच करा.

अशा थकलेल्या घरात रडणाऱ्या बाळाला गप्प करण्याची घाई होते. ही घाई नवी नाही, आणि ती फक्त आदिवासी भागातली तर मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो मराठी बायका कामाला होत्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या. तान्ह्या लेकराला खोलीवर ठेवून दिवसभर साच्यावर उभं राहायचं, तर ते लेकरू दिवसभर झोपून राहायला हवं. म्हणून त्याला अफूची गोळी देत. तिला बाळगोळी म्हणत. १९२०च्या दशकात गिरणी-कामगार बायकांची पाहणी करणाऱ्या एका डॉक्टर बाईंच्या अहवालात ही गोष्ट स्पष्ट नोंदली गेली. लोकांनी तेव्हा त्या बायकांना अडाणी म्हटलं. पण त्यांना बाळंतपणाची पगारी रजा नव्हती, बाळ ठेवायला जागा नव्हती. मुंबई प्रांतात प्रसूती-लाभाचा कायदा झाला तो १९२९ साली. गोळी आईच्या हातात होती, पण ती तिथे कामाच्या तासांनी आणून ठेवली होती.

आज आपल्याकडे काय दिसतं? पोट फुगलं, बाळ कण्हतं, झोपत नाही, म्हटलं की भुमकाकडे नेतात आणि तापलेल्या विळ्यानं पोटावर चटके देतात. डंबा म्हणतात त्याला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. ते वाचून शहरातल्या माणसांनी "अघोरी, अघोरी" म्हटलं. ते अघोरी आहेच, त्याला कसलंही समर्थन नाही, आणि आपण ते थांबवलंच पाहिजे. पण त्याच शहरांत सर्दीच्या औषधाचा एक चमचा बाळाला गुंगी यावी म्हणून दिला जातो, त्याला कोणी अघोरी म्हणत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापायला सांगितलं. तेव्हा विळा असो की चमचा, त्यामागे बाळाला गप्प करायला निघालेलं एक थकलेलं घर असतं. त्या घराला नुसता उपदेश करून चालत नाही. रात्री हाताखाली कोणीतरी माणूस लागतं.

इथं एक धोक्याची सूचना. आपण रडणाऱ्या बाळाची काळजी करतो, पण न रडणाऱ्या बाळाचं कौतुक करतो. "लय गुणी लेकरू हाय, आवाजच नाई त्याचा." एका घरात सासूबाईंनी मला हेच सांगितलं. मी हसून पुढे जाणार, तेवढ्यात आशाताईंनी बाळाच्या तळपायांना हात लावला. पाय गार होते. अंगावर घेतलं तर बाळ ओढत नव्हतं, नुसतं झोपत होतं. त्या रात्री गाडी मिळाली म्हणून ते बाळ वाचलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यातूनच पुढे आशाताईंच्या घरभेटी देशभर आल्या. त्या शिकवणीत धोक्याची जी लक्षणं आहेत, त्यांत रडणं क्षीण होणं किंवा थांबणं, दूध ओढणं कमी होणं, हातपाय लुळे पडणं, अंग गार लागणं ही आहेत. तेव्हा पाठ करून ठेवा. जोरात रडून, दूध पिऊन झोपणारं बाळ बहुधा ठीक असतं. जे दूध प्यायलाही उठत नाही, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

आता आईच्या मनाकडे येते. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांची नोंद करून त्यांचा बाळंतपणानंतरही पाठपुरावा केला. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्याचा आजार होता. त्यांतल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. हा आजार कोणाला जास्त होता? गरिबी असलेल्यांना, नवऱ्याशी संबंध बिघडलेल्यांना, मार खाणाऱ्यांना, आणि मुलगा हवा असताना मुलगी झालेल्यांना. मैत्रिणींनो, ही यादी ओळखीची वाटते ना? आपण स्त्री-चळवळीत इतकी वर्षं जे प्रश्न मांडतो, तेच इथं आजाराची कारणं म्हणून पुढे आले. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की अशा आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाला आणि उंचीला इतरांपेक्षा कमी भरली.

हे मेळघाटाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे. १९९३ पासून मेळघाट म्हटलं की कुपोषण हा शब्द येतो. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, योजना आल्या, मंत्री येऊन गेले. बाळाचं वजन शेकडो वेळा मोजलं गेलं. त्या बाळाला जी पाजते, तिचं मन कोणी मोजलं?

झोप आणि मन यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. रात्रीमागून रात्र झोप मोडली की कोणाचंही मन खचतं, चिडचिड होते, रडू येतं. आणि मन आजारी पडलं की झोप येत नाही. ओळखायचं कसं? त्यासाठी एक सोपा प्रश्न आहे, तो लिहून घ्या. "बाळ झोपलेलं असतं, तेव्हा तरी तुम्हांला झोप लागते का?" नुसती थकलेली बाई म्हणेल, अंग टाकलं की डोळा लागतो. आजारी पडत चाललेली म्हणेल, बाळ झोपलं तरी मी आढ्याकडे बघत पडते. असं दोन आठवडे चाललं असेल, कशातच मन लागत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांकडे न्यायचं. असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी न्यायचं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. आपल्याकडे पुष्कळ पाड्यांवर फोनला रेंज नाही आणि कोरकू बाईला मराठीत मन मोकळं करता येत नाही, हेही मला माहीत आहे. म्हणूनच तिच्या भाषेत बोलणारी आशाताई हवी. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत असाच प्रयोग झाला. गावातल्याच आरोग्य-सेविकांना खचलेल्या आयांशी कसं बोलावं हे शिकवलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी त्या गावांत २३ टक्के आया नैराश्यात राहिल्या होत्या, तर इतर गावांत ५३ टक्के. काम करणाऱ्या त्या बाया तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या.

आता पैशाचं बोलू. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रीत आहे. माझ्या बाळंतपणात मी अमरावतीला आईकडे होते. पहाटे पाच वाजता आई बाळाला माझ्या कुशीतून उचलून न्यायची आणि मी आठपर्यंत झोपायचे. मी धडधाकट राहिले ती त्या तीन तासांच्या झोपेमुळे, माझ्या शिक्षणामुळे नव्हे. या रीतीला विटाळाचं लेबल चिकटलेलं आहे. बाई अपवित्र म्हणून तिला कोपऱ्यात बसवायचं, हे आपल्याला मान्य नाही. पण विटाळ काढून टाकताना विश्रांती फेकून द्यायची नाही. ती तिचा हक्क म्हणून मागायची.

मजुरी करणाऱ्या घरात सव्वा महिना कुठून आणायचा? नोकरीतल्या बाईला २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे १८२ दिवस. मजूर बाईला त्याच वर्षी सुरू झालेल्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये ठेवले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. भागाकार करा. सोळा दिवस! सरकारच्या हिशोबानं एका बाईला १८२ रात्रींनंतर सकाळी कामावर जायचं नाही, आणि दुसरीला सोळा. दिवाळीनंतर, होळीनंतर गावं रिकामी होतात, त्यांत तान्ही लेकरं घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या बाया असतात. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात पाच किंवा जास्त लहान मुलं कामावर आली तर ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायची, अशी तरतूद होती. तुमच्यापैकी किती जणींनी अशी नेमलेली बाई पाहिली? हात वर करा. ... बरं. बघा.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट आपल्या हातातली आहे. आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा घरभेटी करतात, घरी बाळंतपण झालं असेल तर सात. प्रत्येक भेटीत बाळाच्या आधी आईला विचारायचं, "तुही झोप झाली काय व?" आणि उत्तर वहीत लिहायचं. सरकारी तक्त्यात रकाना नसेल तर समासात लिहा. शंभर वह्यांच्या समासात लिहिलेलं तालुक्याच्या बैठकीत मांडता येतं.

दुसरी गोष्ट घरातली. रात्र वाटून घ्या, असं पुरुषांना सांगायचं. अंगावर फक्त आईच पाजू शकते, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोळी हलवणं याला बाईचं शरीर लागत नाही. सासूलाही सोबत घ्यायचं. तीही एकेकाळी हेच सोसून गेली आहे, तिला कोणी विचारलं नव्हतं. आमच्या एका पाड्यावर तीन शेजारणींनी ठरवलं की दुपारी दोन तास बाळंतिणीचं लेकरू आळीपाळीनं घ्यायचं. त्याला एक पैसाही लागला नाही.

तिसरी, सुरक्षित झोप. आपल्याकडे बाळ आईजवळच झोपतं आणि त्यात वाईट काही नाही, पाजणं सोपं जातं. पण त्याला पाठीवर झोपवा, तोंडावर गोधडी येऊ देऊ नका. शेजारी दारू किंवा मोहाची घेतलेलं माणूस झोपवू नका, मग तो बाप असो की आई. घरात बिडी नको, धूर नको.

चौथी, मागण्या. मजूर बाईला सव्वीस आठवड्यांच्या मजुरीइतकी भरपाई. कामाच्या जागी आणि स्थलांतराच्या ठिकाणी पाळणाघर. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर आणि पाजणाऱ्या आयांना अमृत आहार योजनेत एक वेळचं गरम जेवण आहे, ते गावाबाहेर गेलेल्या बाईलाही मिळायला हवं. आणि मनाचा आजार ओळखणारं, कोरकू जाणणारं माणूस धारणीतच हवं. सुमारे दीडशे किलोमीटर घाट उतरून अमरावतीला जा, असं रात्रभर न झोपलेल्या बाईला सांगण्यात काही अर्थ नाही.

त्या उंबऱ्यावर बसलेल्या बाईचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिला दवाखान्यात नेलं, औषध सुरू झालं. पण त्या दिवशी आधी आशाताईंनी एक साधी गोष्ट केली. झोळीतलं लेकरू उचललं, पदरात घेतलं आणि तिला म्हणाल्या, "जा, तू झोप. मी बसली आहे." ती आत जाऊन दोन तास झोपली. उठल्यावर स्वतःहून बाळ मागितलं.

सकाळी "काल म्हणजे कोणती काल" म्हणालेली मैत्रीण तिथं खांबाला टेकून बसली आहे. तिचा डोळा लागला आहे. तिला उठवू नका. तिचं बाळ कोणीतरी मांडीवर घ्या, आणि आपण चर्चा जरा हळू आवाजात करू.